वाळवीचे विरजण

दोन पावसाळे बंद राहिलेले आमचे घर गेल्या ज्येष्ठात उघडले, तेव्हा माजघराच्या चौकटीवर मी सहज अंगठा टेकवला आणि तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. वरचा रंग शाबूत होता, आईने दर दिवाळीला पुसलेल्या तेलाची तकाकीही जागोजागी टिकून होती, पण त्या पातळ पापुद्र्याच्या आत लाकूड म्हणावे असे काही उरलेले नव्हते. ओलसर मातीच्या भिंती, त्यांतून गेलेल्या बोळकांड्या आणि उजेड पडताच सैरावैरा धावणारे दुधाळ रंगाचे किडे, एवढेच होते. वाई सोडून धोमच्या रस्त्याला लागले की कृष्णेच्या काठाने जी गावे लागतात, त्यांपैकी एका गावात हे घर आहे. त्याच्या तुळया सागाच्या असल्यामुळे त्या वाचल्या. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. ही चौकट मात्र पुढे कधीतरी, पैसा कमी असताना, आंब्याच्या लाकडाची बसवलेली होती आणि तिने दोन वर्षेही दम धरला नाही.

फडताळात वडिलांच्या कीर्दी आणि खतावण्या होत्या. ते गुळाचा व्यापार करीत आणि त्यांचे अक्षर सुरेख होते. त्या चोपड्यांच्या लाल कापडी बांधण्या तेवढ्या उरल्या होत्या. आतल्या कागदांच्या जागी चोपडीच्याच आकाराची मातीची वीट तयार झाली होती, आणि ती हातात घेताच ढासळली. मला फार वाईट वाटले, आणि त्या वाईट वाटण्यात रागच अधिक होता.

माझ्या भावाची मुलगी त्या दिवशी माझ्याबरोबर होती. ती साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते. मी सुताराला फोन लावत होते तेव्हा तिने चौकटीचा एक ढलपा काढून घेतला आणि स्वयंपाकघरातून झाकणाचा डबा मागितला. "आत्या, एवढ्यात औषध मारू नकोस. ही घरातली वाळवी आहे, हिच्या पोटात बघण्यासारखं असतं," असे ती म्हणाली. त्या किड्यांत मोठ्या डोक्याचे काही सैनिक होते. तिने एकाला काडीने डिवचले तेव्हा त्याच्या कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर आला. त्या थेंबावरून तिने वंश ओळखला, कॉप्टोटर्मिस, आणि डब्यात ओला टिपकागद घालून ती सगळी वस्ती साताऱ्याला नेली.

पुढच्या शनिवारी तिच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तयारी अगदी साधी होती. काचेच्या पट्टीवर किंचित खारट पाण्याचा एक थेंब ठेवलेला, त्यात एक कामकरी वाळवी. एका चिमट्याने तिचे डोके धरायचे आणि दुसऱ्याने शेपटाचे टोक हळूच ओढायचे, की आतड्याचा धागा बाहेर येतो. त्याचा फुगीर, तपकिरी भाग टोचला की पाणी गढूळ होते. त्या गढूळपणात मला प्रथम काहीच कळले नाही, कारण सगळेच हलत होते. मग नजर बसली. पेरूच्या किंवा भोवऱ्याच्या आकाराचे जीव, अंगभर केसांसारख्या कशाभिकांचा झुपका, आणि तो झुपका वाऱ्यावरच्या गव्हासारखा लाटांनी हलतो आहे. त्यांच्या पारदर्शक शरीरांत लाकडाचे कण स्पष्ट दिसत होते. आमच्या चौकटीचे कण. त्या मोठ्या जिवांच्या मधल्या जागेत मळसूत्रासारखे बारीक, वळवळणारे जिवाणू इतके दाट होते की मोकळे पाणी म्हणून दिसतच नव्हते. काही मिनिटांतच गती मंदावू लागली. "हवा लागली त्यांना. ऑक्सिजन सोसत नाही," असे तिने सांगितले, आणि आमच्या डोळ्यांसमोर ते एकामागून एक थांबत गेले.

हे दृश्य प्रथम नीट पाहून लिहून ठेवणारा माणूस अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा जोसेफ लिडी. दगडाखाली सापडलेल्या वाळवीच्या पोटातील तपकिरी पदार्थ पाहून ही खाते तरी काय, एवढ्याच कुतूहलाने त्याने ते आतडे फोडले. गच्च भरलेल्या सभागृहाचे दार उघडावे आणि माणसांचा लोंढा बाहेर पडावा, तसे ते जीव बाहेर आले, असे त्याने नोंदवले आहे. १८७७ मध्ये त्याने त्यांतील एकाला 'ट्रायकोनिम्फा' हे नाव दिले आणि १८८१ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध केला. मात्र त्या लेखाच्या शीर्षकात त्याने या जिवांना परोपजीवीच म्हटले. फुकट खाणारे पाहुणे, असा त्याचा समज होता, आणि पोटात काही वळवळताना दिसले की कोणाचाही तोच समज व्हावा. तो समज उलटा करायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. १९२३ पासून पुढे लेम्युएल क्लीव्हलँड याने उष्णतेने, उपासमारीने आणि नंतर दाबाखालच्या ऑक्सिजनने वाळवीच्या पोटातील हे एकपेशीय आदिजीव मारले, पण वाळवीला जिवंत ठेवले. त्या वाळव्या पूर्वीसारख्याच चालत होत्या आणि लाकूडही पूर्वीसारखेच कुरतडत होत्या, पण दोन-तीन आठवड्यांत भरल्या पोटी उपाशी मरत होत्या. त्यांना ते आदिजीव परत मिळाले की मात्र त्या जगत होत्या.

वाळवी लाकूड खाते, हे वाक्य मी शाळेत शिकले आणि पुढे शिक्षिका म्हणून तीस वर्षे शिकवलेही. त्या वाक्याची क्रिया बरोबर आहे, पण कर्ता अपुरा आहे. आपल्या भाकरीतला स्टार्च आणि चौकटीतले सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्या मण्यांच्याच माळा. मणी ओवताना मारलेली गाठ तेवढी वेगळी. स्टार्चची गाठ आपल्या लाळेलाही सुटते. सेल्युलोजची गाठ सोडणारे विकर (एन्झाइम) माणसाचे शरीर बनवत नाही, आणि लाकडात ही माळ लिग्निनच्या चिवट गिलाव्यात बसवलेली असते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की वाळवी अगदीच रिकाम्या हाताची नाही: सेल्युलोज तोडणाऱ्या एका विकराचे जनुक तिचे स्वतःचे आहे, हे १९९८ मध्ये जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले. ती लाकूड दळते आणि थोडेसे सोडवतेही. पण दळलेल्या त्या पिठाची भाकरी होते ती तिच्या आतड्याच्या शेवटच्या फुगीर भागात, ज्यात मावणारा माल साधारणतः एका मायक्रोलिटरच्या, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असतो.

तिथे काय चालते, ते समजावून घ्यायला मला आंबवण्याची ओळख उपयोगी पडली. आदिजीव लाकडाचा कण गिळतात आणि ग्लुकोज आंबवून त्याचे ॲसिटेट करतात. व्हिनेगरला आंबटपणा देते तेच द्रव्य. वाळवीचे शरीर ते ॲसिटेट शोषून घेते आणि त्यावरच जगते. या आंबवण्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन वायू सुटतात. हायड्रोजन साचत गेला तर सगळे आंबवणे मंदावते, म्हणून तो उचलणारे दुसरे हात लागतात, आणि ते हात म्हणजे मी पाहिलेले मळसूत्री जिवाणू, स्पायरोकीट. १९९९ मध्ये जॅरेड लेडबेटर, जॉन ब्रेझनॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवीच्या पोटातील स्पायरोकीट प्रथमच प्रयोगशाळेत वाढवून दाखवले आणि सिद्ध केले की ते हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड एकत्र करून आणखी ॲसिटेट बनवतात. वाया जाणारे वायू धरून त्यांचे पुन्हा अन्न करणारे हे जिवाणू ट्रेपोनेमा या वंशातले आहेत, आणि उपदंशाचा रोग देणारा जिवाणूही त्याच वंशातला. कुळावरून कोणाची परीक्षा करू नये, हे सांगायला मला याहून बोलके उदाहरण मिळाले नसते. जो हायड्रोजन या जिवाणूंकडूनही सुटतो, त्याचा मिथेन करणारे सूक्ष्मजीव आतड्याच्या भिंतीला धरून असतात. जगभरच्या सगळ्या वाळव्यांचा मिळून हवेत जाणाऱ्या मिथेनमधील वाटा १ ते ३ टक्क्यांच्या घरात धरला जातो.

पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती त्या भिंतीचीच गोष्ट. इतक्या लहान पिशवीत हवा सर्व बाजूंनी झिरपणारच, मग ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही ते तिथे जगतात कसे, हा प्रश्न मी भाचीला विचारला. आंद्रेआस ब्रूने यांनी १९९५ मध्ये सुईहून कितीतरी बारीक विद्युतअग्रे या आतड्यात घालून मोजले, तेव्हा ऑक्सिजन भिंतीपासून जेमतेम १५० ते २०० मायक्रोमीटर आत पोचतो आणि त्यापुढे काहीच उरत नाही, असे आढळले. भिंतीलगत राहणारे जिवाणू तो आल्याबरोबर वापरून टाकतात. म्हणजे काठावरचे जीव हवा पिऊन घेतात म्हणून मधल्यांचा श्वास चालतो, असे म्हणावेसे वाटते. पण मधल्यांचे जगणे श्वासाशिवायचे आहे, तेव्हा त्यांचे काम चालते, एवढेच म्हणते. वाड्यात जसे सोपा, माजघर आणि देवघर असे उजेडाचे आणि वहिवाटीचे वेगवेगळे भाग असतात, तसेच भाग या एका थेंबात आहेत.

लाकडात साखर रग्गड असते, पण नायट्रोजन जवळजवळ नसतो आणि नायट्रोजनवाचून प्रथिन नाही. आमच्याकडे हरभरा पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळतात, तेव्हा मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देतात, हे लहान मुलालाही माहीत असते. वाळवीच्या पोटात हेच घडते, हे १९७३ मध्ये कळले. वाळवीला प्रतिजैविके खाऊ घातली की ते थांबते, यावरून हे काम जिवाणूंचे हेही ठरले. पुढची गोष्ट ऐकताना मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर ताठ बसले. माझ्या चौकटीतल्या वाळवीची फोर्मोसन नावाची एक सख्खी बहीण आहे. तिच्या पोटात एक मोठा आदिजीव असतो, आणि तिच्या आतड्यातले बहुसंख्य जिवाणू पोकळीत मोकळे फिरत नाहीत, तर त्या आदिजीवाच्या पेशीच्या आत राहतात. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी त्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा हवेतला नायट्रोजन बांधण्याची आणि त्यापासून अमिनो आम्ले घडवण्याची जनुके त्यात सापडली. लाकडाच्या आत वाळवी, वाळवीच्या आत आदिजीव, आदिजीवाच्या आत जिवाणू. आणि आदिजीव लाकूड फोडतो त्याच्या बळावर आतला जिवाणू हवेतून प्रथिनाची सामग्री आणतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील एका वाळवीतला मिक्सोट्रिका नावाचा आदिजीव तर पोहतोसुद्धा दुसऱ्यांच्या जोरावर. त्याच्या अंगावरचे केस म्हणजे त्याला चिकटलेले सुमारे अडीच लाख स्पायरोकीट आहेत, हे १९६४ मध्ये क्लीव्हलँड आणि ग्रिमस्टोन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले.

एवढे सगळे वैभव असूनही वाळवीला ते कायमचे लाभत नाही. लहानाची मोठी होताना ती अनेकदा कात टाकते आणि प्रत्येक वेळी आतड्याचे अस्तरही त्या कातीबरोबर जाते. आमच्या चौकटीतल्या वाळवीसारख्या जातींत कात टाकण्याआधीच पोटातले आदिजीव मरून जातात. कात टाकलेली वाळवी नव्या अंगाची, पांढरी आणि पोटातून रिकामी असते. तिला ती वस्ती पुन्हा मिळवावी लागते, आणि ती मिळते एकाच ठिकाणी, सोबतिणींच्या शेपटाशी. दुसरीच्या आतड्यातून निघालेला थेंब ती तोंडाने घेते. एकटी पडलेली वाळवी म्हणूनच लाकडाच्या ढिगातही वाचत नाही. क्लीव्हलँडने यावरून असा तर्क मांडला की एकमेकींच्या पोटातले घेतल्यावाचून जगता येत नाही, म्हणूनच वाळवीचे पूर्वज समाज करून राहू लागले असावेत. त्या पूर्वजांचे जवळचे नातलग म्हणजे लाकूड खाणारी झुरळे. ती आजही आपल्या पिलांना याच रीतीने पाजतात, आणि वाळवी ही झुरळांच्याच कुळातली, हे आता सर्वमान्य आहे.

हे ऐकत असताना मला किळस यायला हवी होती, पण आठवण आली ती पितळेच्या वाटीची. घर उघडले त्या पहिल्या संध्याकाळी दूध तापवल्यावर माझ्या ध्यानात आले की या घरात विरजण नाही. साठ वर्षांत असे कधी झाले नव्हते. मी वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी चमचाभर दही घातले आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचंच आहे गं. पुराच्या साली आमचं नासलं होतं, तेव्हा तिच्याकडून आणलं, ते अजून चालवतेय." त्या रात्री मी दूध विरजले आणि सकाळी दही लागले. त्या चमच्यातून काय आले होते, ते मी नीट जाणते: लॅक्टोबॅसिलस, लॅक्टोकॉकस, आणि त्यांच्या न मोजता येणाऱ्या पिढ्या. यांपैकी लॅक्टोकॉकस वंशाचे जिवाणू वाळवीच्या आतड्यातूनही वेगळे काढलेले आहेत. भाचीला मी म्हटले की ही वाळवी तर विरजणच मागते. ती हसली नाही. तिने ते वहीत लिहून घेतले.

ही शिदोरी किती जुनी असावी, याचा एक पुरावा अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात, सापडला आहे. म्यानमारमधील सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात अडकलेल्या एका वाळवीचे पोट फाटलेले होते आणि त्यातून सांडलेले आदिजीव त्या पिवळ्या डिंकात जसेच्या तसे राहिले. जॉर्ज पॉइनर यांनी २००९ मध्ये त्यांचे वर्णन केले. तेव्हापासून ही वाटी हातातून हाती चालली आहे. ती एकाही पिढीत रिकामी राहिलेली नाही, कारण राहिली असती तर पुढची पिढीच झाली नसती.

आमच्या शेताच्या बांधावर कमरेएवढे वारूळ आहे. आई नागपंचमीला तिथे दूध-लाह्या ठेवी. त्या दिवशी घरात चिरणे-कापणे नसे आणि रानात खणणे नसे. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो, पण मुळात बीळ कोणाचे, तर वाळवीचे, हे फारसे मनात येत नाही. भाचीने तिथल्याही दहाबारा वाळव्या आणल्या होत्या. त्यांतल्या एकीची पट्टी पाहिली तेव्हा मी क्षणभर निराश झाले. केसाळ भोवरे नव्हते, लाटा नव्हत्या. बारीक, धूसर थरथर तेवढी होती. जगातील सुमारे ३,००० जातींपैकी तीन-चतुर्थांश जातींच्या पोटात ते आदिजीव नाहीतच. वारुळे करणाऱ्या आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिस त्यांपैकी. त्यांच्याकडे केवळ जिवाणू उरले, आणि जे काम पोटात होत नाही त्यासाठी त्यांनी जमिनीखाली शेती मांडली. चावलेला पालापाचोळा पोटातून एकदा काढून त्याचे स्पंजासारखे पोळे रचायचे, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढू द्यायची, आणि बुरशीने मऊ केलेले ते पोळे पुन्हा खायचे. ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. पावसाच्या सुरुवातीला वारुळाजवळ जी मोठी पांढरी अळंबी उगवतात आणि जी आम्ही लहानपणी पळसाच्या पानात बांधून आणत असू, ती याच शेतीची कणसे.

भाचीला या विषयात रस आहे, तो नुसत्या कुतूहलाचा नाही. कृष्णेच्या खोऱ्यात वाईपासून सांगलीपर्यंत उसाचे पाचट शेतात पेटवले जाते आणि चिपाडे कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातात. त्यांतले सेल्युलोज सोडवून इथेनॉल करायचे तर आज आधी आम्ल, वाफ आणि दाब लागतो. २००७ मध्ये कोस्टारिकातल्या एका वाळवीच्या आतड्यातील जिवाणूंचा जनुकसाठा एकत्रित वाचला गेला, तेव्हा लाकूड आणि तत्सम शर्करा तोडणाऱ्या विकरांचे ७०० हून अधिक जनुकभाग त्यात मिळाले. यातून उसाच्या पट्ट्यासाठी काही निघेल, अशी तिला आशा आहे. माझ्या मनात मात्र थोडी शंका आहे, कारण त्या विकरांतले एखादे उचलून टाकीत घालता येईल, पण काठावरचे, मधले, पेशीतले आणि पेशीच्या आतले असे सगळे बिऱ्हाड टाकीत नांदेल कसे?

चौकट काढली. औषधही मारून घेतले. घर टिकवायचे तर त्याला इलाज नव्हता, आणि त्या दिवशी मी अंगणात थांबले नाही. नवीन चौकट सागाची बसली आहे. भाचीच्या डब्यातली वस्ती मात्र साताऱ्यात जगते आहे, आंब्याच्या त्याच ढलप्यावर.

श्रावणात मी पुन्हा तिच्याकडे गेले तेव्हा तिने मुद्दाम राखून ठेवलेली एक वाळवी दाखवली. इतरांच्या पोटातला तपकिरी डाग कातडीतून दिसतो, हिच्यात तो नव्हता. ती डोक्यापासून शेपटापर्यंत तांदळाच्या दाण्यासारखी पांढरी होती. आदल्याच दिवशी तिच्यासारख्याच एकीची पट्टी तिने तयार केली होती आणि त्या थेंबात पाण्याखेरीज काही हललेले नव्हते. हिला मात्र तिने मारले नाही. ओल्या टिपकागदावर बाकीच्यांच्यात सोडले आणि भिंग माझ्याकडे दिले. ती पांढरी वाळवी थोडी चालली, थांबली, मग एका जाड, तपकिरी पोटाच्या वाळवीमागे गेली आणि तिच्या शेपटाला मिशांनी चाचपू लागली.

"आत्या, बघ," भाची हळू आवाजात म्हणाली, "वाटी घेऊन आली."